विनोदी पात्रांचें वय

विनोदाच्या राज्यांत काळाचा अंमल चालावा कीं चालूं नये, हा प्रश्न प्रथमदर्शनीं एखाद्या रिकाम्या प्राध्यापकाच्या डोक्यांतून निघालेला वाटेल. नाटकांत तो सहसा उद्भवत नाहीं. तीन तासांनीं पडदा पडतो आणि पात्रें ज्या वयाचीं आलेलीं असतात, बहुधा त्याच वयाचीं निघून जातात. कादंबरींत तो सर्वस्वीं लेखकाच्या स्वाधीन असतो. एका प्रकरणाच्या शेवटीं शाळेंत जाणारा मुलगा पुढच्या प्रकरणाच्या आरंभीं बॅरिस्टर होऊन विलायतेहून परत आला, तरी वाचक तक्रार करीत नाहीं. परंतु दूरचित्रवाणीनें एक तिसराच प्रकार आपल्या माजघरांत आणून बसविला आहे. तो म्हणजे वर्षानुवर्षें, जवळजवळ रोज चालणारी विनोदी मालिका. येथें पात्र शाईचें नसून रक्तमांसाचें असतें. त्याला पाहणारा प्रेक्षकहि तसाच. आणि दोघेहि एकाच गतीनें म्हातारे होत असतात. मालिकेचा लेखक मात्र या दोघांच्या मधें उभा राहून घड्याळाचे कांटे हातानें धरून ठेवीत असतो. त्याचा हात किती काळ टिकतो, आणि टिकला तरी त्यानें विनोदाचें कल्याण होतें कीं हानि, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या विचाराला सर्वांत जवळचें उदाहरण म्हणजे ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका होय. गुजराती विनोदकार तारक मेहता (१९२९–२०१७) यांनीं १९७१ सालापासून ‘चित्रलेखा’ साप्ताहिकांत जें विनोदी सदर चालविलें, त्याच्या आधारानें असितकुमार मोदी यांनीं ही मालिका निर्माण केली, आणि तिचा पहिला भाग २८ जुलै २००८ रोजीं दाखविला गेला. तेव्हांपासून तिचे चार हजारांहून अधिक भाग झाले. मालिका हिंदी असली तरी तिचें स्थळ आपल्या मुंबईंतील गोरेगांव हें आहे. ‘गोकुळधाम’ नांवाच्या एका कल्पित गृहनिर्माण संस्थेंत गुजराती, मराठी, पंजाबी, तमिळ, बंगाली अशीं नाना प्रांतांचीं बिऱ्हाडें एकत्र नांदतात, आणि त्या संस्थेचा चिटणीस आत्माराम तुकाराम भिडे हा अस्सल मराठी शिकवणीमास्तर आहे. त्याची पत्नी माधवी लोणचीं-पापड करून संसाराला हातभार लावते, आणि त्याच्या जुनाट स्कूटरला ‘सखाराम’ असें नांव आहे. हें भिडे कुटुंब पाहून आपल्याच चाळींतला एखादा शेजारी ज्याला आठवत नाहीं, असा मराठी प्रेक्षक विरळा. मालिकेचें मराठी रूपहि ‘गोकुळधामची दुनियादारी’ या नांवानें आपल्याकडे दाखविलें गेलें आहे. तेव्हां तिचा विचार मराठी मासिकांत करणें हें परक्या अंगणांत डोकावणें होत नाहीं.

गोकुळधामांत काळाची व्यवस्था कशी आहे, तें प्रथम पाहूं. पंचांग तेथें नियमानें चालतें. दरवर्षीं गणपति बसतो, नवरात्र येतें, दिवाळींत दिवे लागतात, होळी पेटते. बाहेरच्या जगांतील घडामोडींचे पडसादहि तेथें उमटतात. २०२० सालीं टाळेबंदीमुळें खंड पडून मालिका पुन्हां सुरू झाली, तेव्हां त्या सांथीची छाया गोकुळधामवरहि पडलेली दिसली. म्हणजे ही सृष्टि काळाच्या बाहेर आहे असें म्हणण्याची सोय नाहीं. पण हे सण ज्यांच्या घरीं कित्येक वेळां येऊन गेले, त्या गृहस्थांच्या आयुष्यांत त्यांनीं कांहींच मागें ठेविलेलें नाहीं. भिंतीवरचें कॅलेंडर बदलतें, भिंतीखालचा माणूस बदलत नाहीं.

मुलांच्या बाबतींत हा प्रकार विशेष डोळ्यांत भरतो. मालिका सुरू झाली तेव्हां जेठालाल गडाचा मुलगा टप्पू आणि त्याचे सवंगडी शाळकरी होते. टप्पूचें काम करणारा भव्य गांधी मोठा होऊन २०१७ सालीं मालिकेंतून गेला, त्याच्या जागीं राज अनाडकट आला, आणि २०२३ सालापासून नितीश भलुनी हा तिसरा टप्पू आला. भिड्यांची कन्या सोनू तर तीन वेळां बदलली. झील मेहता, निधि भानुशाली, पलक सिधवानी आणि २०२४ सालीं खुशी माळी या चौघींनीं तिची भूमिका केली. उलट त्याच टोळींतला गोगी आरंभापासून समय शाह हाच आहे, आणि गोलीची भूमिका कुश शाह यानें २००८ पासून २०२४ पर्यंत केली. या दोघांना मिसरूड फुटतांना, त्यांचा आवाज फुटतांना आपण पाहिलें. म्हणजे एकाच टोळींतल्या कांहीं मुलांना निसर्गाचा नियम लागू आणि कांहींना नटांच्या बदलाबदलीचा! पुढें ही टोळी शाळेंतून कॉलेजांतहि गेली. मुलें कॉलेजांत गेलीं, तर त्यांच्या आईबापांचें वय तितकेंच पुढें सरकलें पाहिजे, हें साधें त्रैराशिक आहे. पण गोकुळधामच्या गणितांत तें बसत नाहीं. जेठालाल आजहि सकाळीं बापूजींच्या हांकेनें दचकून उठतो, शेजारच्या बबिताला पाहून आजहि तसाच गडबडतो आणि दुकानाच्या उधारीच्या पेचांत आजहि तसाच सांपडतो. त्याची भूमिका करणारे दिलीप जोशी मालिकेच्या आरंभीं चाळीस वर्षांचे होते. आज त्यांनीं पन्नाशी केव्हांच ओलांडली आहे. चाळिशींतल्या माणसाचा जो बावळटपणा गोड वाटतो, तोच पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्या रंगाचा दिसूं लागतो, याची लेखकाला जणूं दादच नाहीं. आणि गंमत अशी कीं, जेठालालाच्या वृद्ध पित्याची, म्हणजे चंपकलालची, भूमिका करणारे अमित भट्ट हे खुद्द दिलीप जोशी यांच्याहून वयानें धाकटे आहेत. रंगभूषेनें मिळालेलें म्हातारपण मात्र या जगांत सुखानें नांदतें. दारांतून स्वतःच्या पायांनीं आलेल्या वयाला तेवढी मनाई आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, विनोदी पात्राला वय असावेंच कशाला? हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. त्याला मोठ्या तत्त्वज्ञाचा आधार आहे. फ्रेंच तत्त्ववेत्ता बर्गसाँ यानें १९०० सालीं हास्यावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें असें प्रतिपादिलें आहे कीं, जिवंत माणूस जेव्हां यंत्रासारखा वागूं लागतो तेव्हां आपणांस हंसूं येतें. जीवन हें नित्य बदलतें. यंत्र एकच क्रिया पुनःपुन्हां करतें. म्हणून पुनरावृत्ति हा विनोदाचा एक आधारस्तंभच होय. शोकांतिकेचा नायक व्यक्ति असतो, विनोदाचा नायक बहुधा नमुना असतो. आणि नमुन्याला जन्मतारीख नसते. इंग्रजींत वुडहाउसनें बर्टी वूस्टर आणि त्याचा नोकर जीव्ह्ज यांच्या कथा १९१५ पासून १९७४ पर्यंत लिहिल्या. या साठ वर्षांत दोन महायुद्धें झालीं, साम्राज्यें लयाला गेलीं, लेखक स्वतः नव्वदीच्या पलीकडे गेला. पण बर्टी तरुणच राहिला, त्याच्या आत्या-मावश्या तितक्याच कडक राहिल्या आणि कोणत्याहि रसिकाला त्यांत वावगें वाटलें नाहीं. आपल्याकडे आर. के. लक्ष्मण यांनीं १९५१ सालापासून ज्या सामान्य माणसाला चौकडीचा कोट चढवून वर्तमानपत्रांत उभें केलें, तोहि पांच दशकें एकाच वयाचा राहिला.

हें सर्व मान्य आहे. पण या उदाहरणांतला नियम नीट पारखून घेतला पाहिजे. बर्टीच्या जगांत कोणाचेंच वय वाढत नाहीं. तेथें शाळकरी पोर कॉलेजांत जात नाहीं, सांथ येत नाहीं, युद्धाची बातमी कथेच्या उंबऱ्याच्या आंत येत नाहीं. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस रेषांचा आहे, आणि रेषेला सुरकुती पडत नाहीं. काळाला बाहेर ठेवावयाचें तर संपूर्ण बाहेर ठेवावें, ही या सृष्टींची अट आहे, आणि ती त्यांनीं प्रामाणिकपणें पाळली. अमेरिकेंत याच्या उलट टोंकाचेंहि एक उदाहरण आहे. ‘गॅसोलीन ॲली’ नांवाच्या तेथील वृत्तपत्रीय चित्रमालिकेंत १९२१ सालीं दारांत सांपडलेलें एक तान्हें मूल आपल्या वाचकांच्या मुलांबरोबरच वाढत गेलें, तरुण झालें, संसारी झालें. रेषांना वय नसतें, तरी चित्रकारानें तें बुद्ध्या दिलें. दोन्ही मार्ग धर्म्य आहेत. मात्र अर्धा एक आणि अर्धा दुसरा असा तिसरा मार्ग नाहीं. मुलांना वय द्यावयाचें आणि बापांना नाकारावयाचें, सणांना वर्षें द्यावयाचीं आणि माणसांना नाहीं, हा करार मोडण्याचा प्रकार आहे. आणि प्रेक्षकाला त्याचें कलम सांगतां आलें नाहीं, तरी करार मोडल्याचें त्याला आंतून जाणवतें.

मराठी विनोदाच्या इतिहासांत या दोन्ही मार्गांचे आद्य प्रवासी आपल्या परिचयाचे आहेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे वय नसलेल्या घराण्यांतले. एका रूढीचा समाचार घेऊन झाला कीं ते दुसरीकडे वळतात. मधल्या काळांत त्यांच्या केसांचें काय झालें, याची चौकशी कोणी करीत नाहीं. कोल्हटकरांना माणसांपेक्षां समाजाच्या खोडी दाखवावयाच्या होत्या, आणि त्या कामाला असेच खांदे हवे होते. याच्या उलट चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांचा चिमणराव. बडोद्याच्या कॉलेजांतल्या या पाली भाषेच्या पंडितानें मराठीला असा एक माणूस दिला, जो आपल्या डोळ्यांदेखत आयुष्यांतून चालत जातो. आधीं तो लग्नाळू असतो. स्थळें पाहण्याच्या सर्व फजित्या भोगतो. मग त्याचें लग्न होतें. काऊ घरांत येते. मग पोरें होतात, घर भरतें आणि फजितीचे नवे प्रकार सुरू होतात. गुंड्याभाऊ सोबतीला असतोच. या सर्व स्थित्यंतरांत चिमणरावाचा मूळ पिंड तसूभरहि बदलत नाहीं. तो भित्रा, सरळ, आपल्या व्यवहारज्ञानाविषयीं निःशंक आणि त्यामुळेंच पदोपदीं ठकणारा असा शेवटपर्यंत राहतो. बर्गसाँला हवी असलेली पुनरावृत्ति येथेंहि आहे; परंतु ती स्वभावाची आहे, प्रसंगाची नाहीं. तोच स्वभाव नव्या वयाच्या, नव्या नात्यांच्या कचाट्यांत सांपडला म्हणजे कसा गडबडतो, हें पाहण्यांत खरी मौज आहे. सातत्य असावें तें स्वभावांत असावें, वयांत नव्हे, हा चिमणरावानें घालून दिलेला धडा होय. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शननें दिलीप प्रभावळकर यांना चिमणराव आणि बाळ कर्वे यांना गुंड्याभाऊ करून हीं पात्रें पडद्यावर आणलीं, तेव्हां जोशांचे वाचक आणि नवे प्रेक्षक दोघेहि त्यांना एकदम ओळखूं शकले, याचें श्रेय या घट्ट पिंडाला आहे.

आतां चिमणरावाच्या शेजारीं गोकुळधामचा पोपटलाल उभा करून पाहावा. श्याम पाठक यांनीं सजविलेला हा छत्रीधारी पत्रकार कित्येक वर्षांपासून लग्नाळू आहे. स्थळ येतें, आशा पालवते, गोकुळधामचे सर्व रहिवासी धांवपळ करतात, आणि शेवटच्या क्षणीं कांहीं तरी विपरीत घडून स्थळ मोडतें. पहिल्या वर्षीं ही योजना अस्सल विनोदाची होती. उतावळ्या नवऱ्याची फजिती हा आपल्याकडे तमाशापासून नाटकापर्यंत सर्वांचा आवडता विषय. पांचव्या वर्षीं ती संवय झाली. पण पंधरा वर्षें उलटून गेल्यावर त्याच फजितीला हंसतांना आपण नेमके कशाला हंसत असतों? तिशींतला उतावीळ माणूस हास्यास्पद असतो. पन्नाशीच्या वाटेला लागलेला एकटा माणूस हास्यास्पद नसतो. त्याच्या खोलींत संध्याकाळीं दिवा लावणारें कोणी नाहीं, आजारपणांत पेज करून देणारें कोणी नाहीं, हें आपल्याला ठाऊक असतें. कारण असे पोपटलाल प्रत्येकाच्या नात्यांत एक-दोन असतातच. लेखकानें वय नाकारलें म्हणून वय गेलें नाहीं. तें नटाच्या चेहऱ्यावर आणि प्रेक्षकाच्या मनांत सांचत राहिलें, आणि विनोद न बदलल्यामुळें त्याचें हळूहळू क्रौर्यांत रूपांतर झालें. पोपटलालचें लग्न झालें तर विनोद संपेल, अशी भीति निर्मात्याला वाटत असावी. चिमणरावाचें लग्न झालें आणि विनोद संपला नाहीं. उलट अर्धी अधिक गंमत काऊ घरांत आल्यावरच सुरू झाली. ज्याला आपल्या पात्राच्या स्वभावावर भरंवसा आहे, तो त्याला बोहल्यावर चढवायला भीत नाहीं. ज्याचा भरंवसा केवळ युक्तीवर आहे, त्यालाच युक्ति सोडवत नाहीं.

आत्माराम भिडे यांच्या बाबतींत तर मालिकेच्या हातीं एक सोन्याची संधि होती, आणि ती तशीच राहून गेली आहे. ‘आमच्या काळीं’ असें म्हणून जुन्या दिवसांचे गोडवे गाणें हें भिड्यांचें पालुपद. काळाविषयीं सतत बोलणारा माणूस जेथें काळच चालत नाहीं अशा जागीं बसवावा, यापरतें दुर्दैव कोणतें? सोनू मोठी होऊन तिचे विचार बापाशीं पटेनासे व्हावे, शिकवणीला विद्यार्थी कमी येऊं लागावे, ‘एकमेव चिटणीस’ म्हणून मिरविणाऱ्या या माणसाला निवडणुकींत एखाद्या तरुणानें गांठावें, आणि ‘आमचा काळ’ म्हणतां म्हणतां आपण स्वतःच जुन्या काळांत जमा झालों, हें त्याच्या ध्यानांत यावें! केवढा विनोद, आणि त्याच्या तळाशीं केवढा कारुण्याचा झरा! मराठी मध्यमवर्गाचें एक सबंध चरित्र त्यांत आलें असतें.

मृत्यूपुढें तर ही व्यवस्था अगदींच उघडी पडते. डॉ. हाथी यांची भूमिका करणारे कविकुमार आझाद ९ जुलै २०१८ रोजीं वारले. जेठालालाच्या दुकानांतले नट्टूकाका म्हणजे घनश्याम नायक. तेहि ३ ऑक्टोबर २०२१ रोजीं गेले. हे दोघेहि प्रेक्षकांच्या घरांतले झाले होते, आणि त्यांच्या निधनानें अनेक घरांत खरीखुरी हळहळ झाली. कथेंत मात्र दोन्ही पात्रें जिवंत राहिलीं. त्यांच्या जागीं दुसरे नट आले. नव्या नटाला काम मिळालें यांत वाईट कांहीं नाहीं, आणि त्यांनीं आपलें काम मनापासून केलें याबद्दलहि शंका नाहीं. प्रश्न आपल्या भावनेचा आहे. प्रेक्षक ज्याच्यासाठीं हळहळला, तो गोकुळधामच्या लेखीं गेलाच नव्हता. त्याहून विलक्षण दयाबेनची कथा. दिशा वकानी यांनीं २०१७ सालीं मालिकेंतून रजा घेतली. तेव्हांपासून दया माहेरीं अहमदाबादला गेलेली आहे आणि ‘येणार, येणार’ म्हणून सर्वांचे डोळे तिच्या वाटेकडे लावले जातात. बायको वर्षानुवर्षें माहेरीं राहिली तर नवरा, मुलगा आणि सासरा यांच्या मनांत काय काय घडेल! खरोखर तिच्या नसण्यावर एक हळुवार विनोदी कथा उभी राहिली असती. पण तें नसणें कथेचा विषय न होतां फक्त एक गैरसोय होऊन बसलें आहे.

या सर्वांवर एक आक्षेप असा आहे कीं, तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दिवसभर कामानें आणि प्रवासानें शिणलेला माणूस रात्रीं जेवतांना जी मालिका लावतो, तींत त्याला बदल नकोच असतो. बदल त्याला बाहेर पुष्कळ मिळालेला असतो. आमच्या सातिवलीचेंच उदाहरण घ्या. ही मालिका सुरू झाली तेव्हां सातिवली ठाणें जिल्ह्यांत होती. दुसऱ्याच वर्षीं, २००९ सालीं, वसई-विरार महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे माणूस जागचा न हलतां त्याच्या घराचा पत्ता बदलला. कारखान्यांचे गाळे वाढले, इमारती चढल्या, आणि त्यांत गोकुळधामसारखींच नाना प्रांतांचीं बिऱ्हाडें येऊन राहिलीं. त्या वेळीं बालवर्गांत असलेलीं मुलें आज नोकरीच्या शोधांत आहेत. त्या वेळीं जेवणाच्या पंगतींत बसणारें एखादें वडीलधारें माणूस आज तसबिरींत आहे. अशा माणसाला पडद्यावरचें एक अंगण तरी जसेंच्या तसें राहावें असें वाटलें, तर त्याला दोष कसा द्यावा? न बदलणारें अंगण ही एक प्रकारची विश्रांति आहे, आणि ती देणाऱ्याचे उपकार थोडे नाहींत. या मालिकेनें आबालवृद्धांना एकत्र बसून पाहतां येईल असा निर्मळ विनोद इतकीं वर्षें दिला, हेंहि नाकारतां यावयाचें नाहीं.

पण विश्रांति आणि विस्मृति या दोन वस्तु भिन्न आहेत. आपल्या घरांत जें वय वाढलें, जें दुःख झालें, जी पोरें दूर गेलीं, तें सर्व विसरावयास लावणारा विनोद तासाभरापुरता बरा वाटतो. त्याच्याशीं जिव्हाळ्याचें नातें मात्र जडत नाहीं. आपण ज्याच्याबरोबर म्हातारे झालों, त्याच्याशींच तें जडतें. इंग्रजी नाटकांत फॉल्स्टाफ हा विनोदाचा सम्राट मानला जातो. शेक्सपिअरनें त्याला हंसवीत हंसवीत म्हातारा केला, ज्या राजपुत्राबरोबर त्यानें मजा मारली त्याच्याकडूनच, तो राजा झाल्यावर, त्याला झिडकारविलें आणि अखेर पुढच्या नाटकांत त्याच्या मरणाची वार्ता ऐकविली. त्यानें फॉल्स्टाफ लहान झाला नाहीं. मागचें सारें हास्य त्या वार्तेनें अधिकच उबदार झालें.

आपल्याकडेहि हें साधलें आहे. लक्ष्मण यांच्याच पात्रांवर कुंदन शाह यांनीं दिग्दर्शित केलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका १९८८ सालीं दूरदर्शनवर आली. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनीं त्या मराठी कारकुनी संसाराचें जोडपें रंगविलें. तेहतीस वर्षांनीं, फेब्रुवारी २०२१ मध्यें, त्याच नांवानें नवी मालिका सुरू झाली, तेव्हां निर्मात्यांनीं एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनीं जुन्या जोडप्याला तरुण नट शोधले नाहींत. तेच अंजन श्रीवास्तव आणि त्याच भारती आचरेकर आजी-आजोबा होऊन आले, आणि संसाराचा गाडा त्यांचा मुलगा राजेश, म्हणजे सुमीत राघवन, ओढूं लागला. चाळिशींतला वागळे सत्तरी ओलांडून पुन्हां दारांत उभा राहिलेला पाहतांना, ज्यांनीं पहिला वागळे पाहिला होता त्यांच्या मनांत जें कांहीं हाललें, तें कोणत्याहि विनोदी युक्तीनें हाललें नसतें. नव्या मालिकेंत उपदेशाचा भार कधीं कधीं जड होतो, हें खरें. तरी काळाशीं तिचा व्यवहार चोख आहे. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या २००१ सालीं सुरू झालेल्या मराठी मालिकेनें दुसरा मार्ग दाखविला. प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेली ही मालिका आबांच्या रोजनिशीच्या अंगानें जाते. रोजनिशी लिहिणारा माणूस काळ विसरूं शकत नाहीं. रोज एक पान उलटावेंच लागतें. आणि टिपऱ्यांची कथा आठवड्याला एक भाग या बेतानें चालून, लोक कंटाळण्यापूर्वीं, चार-पांच वर्षांत थांबली. योग्य वेळीं थांबणें हाहि काळाचा मान राखण्याचाच एक प्रकार आहे.

मग गोकुळधामचें घड्याळ का अडलें? लेखकांच्या अंगीं कसब नाहीं असें म्हणतां येत नाहीं. कारण व्यवहाराचें आहे. आठवड्याला पांच-सहा भाग उभे करावयाचे म्हणजे विचाराला उसंत नाहीं. जी युक्ति काल चालली ती आज पुन्हां वापरावी लागते. जाहिरातदाराला ओळखीचे चेहरे हवे असतात. नट सोडून जातो तो कथेच्या सोयीनें जात नाहीं. गंभीर मालिकांनीं यावर ‘लीप’ नांवाचा तोडगा काढला आहे. एका रात्रींत कथा वीस वर्षें पुढें उडी मारते आणि काल पाळण्यांत असलेलें मूल आज कारखान्याचें मालक होतें. हा तोडगा म्हणजे वय देणें नव्हे. वयावर धाड घालणें होय. माणूस वीस वर्षांनीं एकदम म्हातारा होत नाहीं. एका सणापासून दुसऱ्या सणापर्यंत थोडाथोडा होतो. रोज चालणाऱ्या मालिकेइतकी हें दाखविण्याची सोय कादंबरीलाहि नाहीं, नाटकालाहि नाहीं. जें साधन काळ दाखवावयास सर्वांत समर्थ, त्यानेंच काळाला दाराबाहेर उभें करावें, ही खरी खंत आहे.

म्हणून गोकुळधामच्या चालकांकडे एका साध्या प्रेक्षकाच्या नात्यानें एवढेंच मागणें आहे. पोपटलालचें लग्न एकदां लावून द्यावें. तें थाटानें करावें, कीं साधेंच आटपावें, हा त्यांचा प्रश्न. बायको भांडखोर निघाली तरी चालेल. पोपटलालच्या स्वभावाला तेथें नवें रान मिळेल. भिड्यांच्या डोक्यावर चार पांढरे केस दिसूं द्यावे आणि ‘सखाराम’ला एकदां कायमची विश्रांति द्यावी. दयाबेन यावयाची असेल तर येऊं द्यावी, यावयाची नसेल तर जेठालालला तिच्या आठवणीनें एकदां मोकळेपणीं गहिंवरूं द्यावें. प्रेक्षक पळून जाईल ही भीति व्यर्थ आहे. तो इतकीं वर्षें सोबत आला आहे, आणि या वर्षांत त्याचेहि केस पिकले आहेत.

सातिवली (वसई)